पेवातली ज्वारी, ताटातली भाकरी : नांदेड-लातूरने आपले अन्न कसे राखले

ज्वारीची भाकरी तव्यावरून उतरल्यावर काही तासांतच ताठर होऊ लागते. दुसऱ्या दिवशी ती दुधात किंवा ताकात कुस्करावी लागते आणि पावसाळी हवेत तिसऱ्या दिवशी तिच्यावर बुरशी येते. मग ज्या प्रदेशात पीक वर्षातून एकदा हाती येई आणि दर काही वर्षांनी तेही बुडे, त्या मराठवाड्याने आपली भाकरी साठवली कशी? उत्तराचा मोठा भाग जमिनीखाली आहे. (धागा)

आधी भाकरीचा स्वभाव समजून घेतला पाहिजे. गव्हाच्या कणकेला ताणून धरणारे ग्लूटेन ज्वारीत नसते. म्हणून ज्वारीचे पीठ कढत पाण्याने मळतात. उष्णतेने पिठातले पिष्ट फुगते, चिकट होते आणि थापताना भाकरी तुटत नाही. पण हेच पिष्ट गार होताना पुन्हा घट्ट बांधले जाते व भाकरी कडक होते. थंडाव्यात ही क्रिया अधिक वेगाने घडते. फ्रिजमध्ये ठेवलेली भाकरी बुरशीपासून वाचते, मऊपणा मात्र लवकर गमावते.

पीठही साठवण्याजोगे नाही. ज्वारीच्या दाण्याच्या अंकुरात स्निग्धांश असतो. दाणा अखंड असेपर्यंत तो सुरक्षित राहतो. दळताच त्याला हवा लागते आणि काही आठवड्यांत पीठ कडवट होते. त्याआधीच पिठाची ‘विरी’ जाते, म्हणजे त्याचा चिकटपणा संपतो आणि भाकरी परातीतच फुटते. म्हणून जुन्या घरांत एकदोन दिवसांपुरतेच दळण निघे. पहाटेचे जाते आणि जात्यावरची ओवी यांना मराठी संस्कृतीत जे स्थान आहे, त्यामागे पीठ टिकत नाही हे साधे कारणही आहे. ओव्यांचे कौतुक करताना त्या म्हणणाऱ्या बाईला दिवस उजाडण्यापूर्वी दोन-तीन शेर ज्वारी दळावी लागे, हे सहसा विसरले जाते.

टिकणाऱ्या भाकऱ्या अगदीच नव्हत्या असे नाही. प्रवासासाठी पाण्याऐवजी दुधात पीठ मळून दशमी करीत. ती एकदोन दिवस मऊ राहते. धपाटे हे मराठवाड्याच्या शिदोरीचे दुसरे नाव म्हणावे इतके रूढ आहेत. सोलापूर, कलबुर्गी, बीदर या सीमाभागात पातळ थापून, वर तीळ लावून, मंद आचेवर पूर्ण वाळवलेली कडक भाकरी करतात. ती कोरडी ठेवली तर कित्येक आठवडे टिकते. परंतु ही सारी यात्रेची, वाटेची, सणाची सोय होती. वर्षाची सोय दाण्यातच करावी लागे.

आता पेव.

मराठवाड्याच्या गावाचे दोन भाग पडतात : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेतजमीन, पांढरी म्हणजे वस्तीची जागा. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि पाणी धरून ठेवते, त्यामुळे तिच्यात पेव टिकत नाही. गावाची जुनी, पांढुरकी, घट्ट बसलेली माती किंवा मुरमाड उंचवटा यासाठी निवडीत. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढे, आत मात्र पोट रुंद. आकार एखाद्या मोठ्या रांजणासारखा. खणून झाल्यावर आत जाळ करून भिंती वाळवीत व शेकून काढीत. तळाला आणि कडेने कडब्याचा किंवा गवताचा जाड थर देत. मग उन्हात खडखडीत वाळवलेली ज्वारी ओतीत, वर पुन्हा कडबा, त्यावर दगडी फरशी, आणि फरशीच्या सांध्यांवर शेणमातीचा लिंपा.

पेव चालते कसे, हे आधुनिक शास्त्राने नेमके सांगितले आहे. दाणा जिवंत असतो, तो श्वास घेतो. त्यात शिरलेले किडेही श्वास घेतात. तोंड बंद असल्याने आतला प्राणवायू हळूहळू संपतो, कार्बन डायऑक्साइड साठतो आणि किडे गुदमरून मरतात. औषधाची पूड नाही, धुरी नाही. किडीचा नाश किडीच्याच श्वासाने होतो.

याच कारणाने पेव उघडणे धोक्याचे असे. तोंड उघडल्याबरोबर आत उतरणारा माणूस बेशुद्ध पडे, क्वचित मरे. म्हणून फरशी काढल्यावर पेव काही काळ तसेच उघडे ठेवीत आणि दोरीने दिवा आत सोडून पाहत. दिवा विझला तर आत उतरायचे नाही. मराठीत एखादी गोष्ट एकाएकी जिकडेतिकडे दिसू लागली की तिचे ‘पेव फुटले’ असे म्हणतात. वर्षभर बंद असलेले तोंड उघडून धान्याची रास बाहेर पडते, ते चित्र या शब्दांमागे आहे.

या तंत्राला मर्यादाही होत्या. भिंतीलगतचा दाणा ओल धरी, काळवंडे आणि आंबूस वास धरी. पेवातल्या ज्वारीची भाकरी जाणत्या माणसाला पहिल्या घासात कळे. शिवाय कोंडलेल्या हवेत दाण्याची उगवणशक्ती जाते. म्हणून बियाणे पेवात कधी ठेवीत नसत. बियाण्यासाठी शेतातच टपोरी कणसे निवडून ती घरात टांगून ठेवीत, किंवा त्यांचे दाणे राखेत मिसळून मडक्यात ठेवीत. खाण्याची ज्वारी आणि पेरण्याची ज्वारी यांची साठवण अशी शेतातूनच वेगळी होई.

पेवाची परंपरा किती जुनी? पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून दीर्घ उत्खनन केले. इ. स. पूर्व सुमारे १६०० ते ७०० या काळातील त्या शेतकरी वस्तीत धान्य साठवण्याचे खड्डे आणि कणग्या ठेवण्याचे गोल मातीचे ओटे सापडले. तिथल्या लोकांचे मुख्य धान्य सातू होते. ज्वारी मूळची आफ्रिकेची. पूर्व सुदानच्या परिसरात ती माणसाळली आणि पुढे समुद्रमार्गाने भारतात आली. म्हणजे दख्खनच्या जमिनीत धान्य पुरून ठेवण्याची रीत ज्वारीच्या राज्यापेक्षाही जुनी असू शकते.

पेवाची दोन भावंडे घरात असत. कणगी म्हणजे तुराट्यांची किंवा बांबूची विणलेली, शेणमातीने लिंपलेली उभी टोपली. तिच्यात दोनचार महिन्यांचे धान्य मावे. दुसरे बळद. लातूर-नांदेडकडच्या जुन्या वाड्यांच्या जाड भिंतींआड एक आंधळी खोली असे. तिला खिडकी नसे, धड दारही नसे. माळवदाला ठेवलेल्या छिद्रातून तिच्यात धान्य ओतीत आणि खालच्या झरोक्यातून लागेल तसे काढून घेत. पेव गावाला दिसे. बळद घरच्यांनाच ठाऊक असे. लूटमारीच्या काळात हा फरक मोलाचा होता.

तंत्राचा इतिहास इथपर्यंत सोपा आहे. अवघड भाग पुढे आहे : पेव होते कोणाचे?

दख्खनने मोठे दुष्काळ पाहिले. इ. स. १३९६ च्या सुमारास सुरू झालेला दुर्गादेवीचा दुष्काळ परंपरेने बारा वर्षांचा मानला आहे. बहमनी सुलतान दुसरा मुहम्मदशाह याने माळवा आणि गुजरातमधून धान्य आणण्यासाठी दहा हजार बैल लावले, असे फरिश्ता या इतिहासकाराने नोंदवले आहे. रेल्वेपूर्व काळात दुष्काळाशी लढण्याचे साधन बैलाची पाठ हेच होते. त्या पाठीवर गोणी लादून फिरणाऱ्या बंजाऱ्यांचे तांडे आजही नांदेड-लातूरच्या नकाशावर गावांच्या जोडीने दिसतात.

पंधराव्या शतकात सत्तेचे केंद्र बीदरला आले. उदगीर, औसा, कंधार हे किल्ले त्याच सत्तेखाली होते आणि पश्चिमेला मंगळवेढ्यापर्यंत तिचा अंमल होता. मंगळवेढ्याचे अधिकारी दामाजीपंत यांची कथा याच काळाशी जोडली जाते. दुष्काळात त्यांनी सरकारी कोठार भुकेल्या लोकांना खुले केले. बीदरच्या सुलतानाने त्यांना पकडून आणण्याचा हुकूम दिला. तेवढ्यात विठ्ठलाने विठू महाराचे रूप घेऊन धान्याची किंमत दरबारात भरली. महिपतीच्या ‘भक्तविजया’ने (१७६२) ही कथा घरोघरी नेली. चमत्कार बाजूला ठेवला तरी कथेचा गाभा वास्तवाला धरून आहे. दुष्काळातही कोठारात धान्य होते. ते उघडण्याचा अधिकार मात्र भुकेल्या माणसाच्या हाती नव्हता, आणि ज्याने उघडले त्याला वाचवायला लोककल्पनेला देव बोलवावा लागला.

गावपातळीवर हीच गोष्ट दरवर्षी घडे, फक्त देव येत नसे. आषाढ-श्रावणात लहान शेतकऱ्याची कणगी रिकामी होई. देशमुख, पाटील, सावकार यांची पेवे त्याच वेळी उघडत. धान्य उसने मिळे ते ‘सवाई’ने किंवा ‘दिढी’ने. सवाई म्हणजे एक मण घेतले तर सुगीत सव्वा मण परत; दिढी म्हणजे दीड मण. कर्ज चारपाच महिन्यांचे आणि वाढ निम्मी. शिवाय श्रावणात ज्वारी महाग असते व सुगीत स्वस्त, त्यामुळे घेणारा महागाईत घेई आणि स्वस्ताईत अधिक मापाने फेडी. बिनधुराचे, बिनऔषधाचे ते सुंदर तंत्र या व्यवहाराचे हत्यारही होते. पेवाचे गुणगान करणाऱ्या आजच्या लेखांत ही बाजू बहुधा नसते.

आणि ज्यांच्याकडे शेतच नव्हते, त्यांचे काय? महार समाजातील येसकराला गावकामाच्या मोबदल्यात घरोघरची भाकरी मिळे. तिला ‘येसकर भाकरी’ असेच नाव होते. काम ठरलेले असे, मोबदला मात्र तयार भाकरीच्या रूपाने, तोही देणाऱ्याच्या मर्जीचा. भाकरी टिकत नाही हे वर आलेच आहे. म्हणून उरलेले तुकडे उन्हात वाळवून ठेवीत आणि अडीअडचणीच्या दिवशी पाण्यात उकळून खात. ज्याच्या हाती दाणा होता त्याला वर्षाचा विचार करता येई. ज्याला भाकरीच मिळे त्याचा विचार दुसऱ्या दिवशीच्या पलीकडे जाऊ शकत नसे. लातूर तालुक्यातील धनेगावच्या लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ या आत्मकथनाला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. साठवणीच्या या इतिहासाची दुसरी बाजू समजून घेण्यासाठी अशी पुस्तके कोणत्याही गॅझेटियरइतकीच महत्त्वाची आहेत.

नांदेडला एक तिसरी रीतही दिसते. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांनी गोदाकाठी देह ठेवला आणि सचखंड हुजूर साहिब हे शिखांचे तख्त झाले. तिथल्या लंगरात पोळी रोज शिजते आणि रोज वाटली जाते; पंगतीत जात विचारली जात नाही. मात्र ही गव्हाची पोळी होती. आसपासच्या खेड्यांत गहू सणाचे धान्य होते.

विसाव्या शतकाच्या आरंभी रेल्वे आली आणि साठवणीचे ठिकाण बदलले. नांदेड निजाम राज्याच्या गोदावरी खोऱ्यातील मार्गावर आले. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांची अरुंद रुळांची बार्शी लाइट रेल्वे १९११ मध्ये लातूरपर्यंत पोहोचली. नांदेडचा मोंढा आणि लातूरचा गंज यांना नवे दिवस आले. गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात, ही रचना त्याच काळातील. शेतकऱ्याची ज्वारी आता गावच्या पेवाऐवजी आडत्याच्या गोदामात जाऊ लागली. दुष्काळात बाहेरून धान्य येऊ शकते हा फायदा झाला. बाहेर भाव चढला की गावातले धान्य निघून जाऊ शकते, हा धोकाही त्याच रुळांवरून आला.

मोंढ्यात दाणा पारखण्याची विद्या मात्र जुनीच राहिली, आणि ती आजही उपयोगी आहे. मूठभर ज्वारी तळहातावर घ्यायची. दाणा टपोरा, मोत्यासारखा पांढरा, किंचित पिवळसर झाक असलेला हवा. टोकाशी काळा डाग असेल तर तो पावसात सापडलेला. दाताखाली कटकन फुटला तर नीट वाळलेला. दबला तर ओला, म्हणजे साठवणीत किडणारा. वास आंबूस आला तर जुना किंवा ओल लागलेला. आणि शेवटची परीक्षा घरी, परातीत. मराठवाड्यात टाळकी आणि पश्चिमेकडे शाळू म्हणतात त्या रब्बी ज्वारीला या सगळ्या कसोट्यांवर पहिला मान. १९३० च्या दशकात मोहोळच्या संशोधन केंद्रात स्थानिक मालदांडी ज्वारीतून निवडलेले ‘एम ३५-१’ हे वाण आजही पेरले जाते, यातच सारे आले.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हैदराबाद सरकारने शेतकऱ्यांकडून सक्तीने धान्य वसूल करण्यास आरंभ केला. ही ‘लेव्ही’. शेतकऱ्याने किती धान्य स्वतःजवळ ठेवावे हे आता सरकार ठरवू लागले, आणि बळदाच्या गुप्ततेला नवा अर्थ आला. हैदराबाद मुक्तिसंग्रामात लेव्ही न देणे हा आंदोलनाचा एक भाग होता. १७ सप्टेंबर १९४८ चा विचार करताना निजाम, रझाकार आणि पोलीस कारवाई आठवते. त्या घटनांखाली घरातल्या ज्वारीचाही प्रश्न होता.

मग आले ‘हायब्रीड’. भारतातील पहिले संकरित ज्वारीचे वाण ‘सीएसएच-१’ १९६४ मध्ये प्रसारित झाले. उत्पादन मोठे होते, इतके की खेड्यापाड्यांत ‘हायब्रीड’ हे ज्वारीचेच नाव पडले. पण त्यात एक अडचण होती. खरिपाची जुनी वाणे दिवस लहान होऊ लागल्यावर फुलत, त्यामुळे दाणा भरेपर्यंत पाऊस सरलेला असे. हायब्रीड सुमारे शंभर दिवसांत तयार होई आणि नेमके परतीच्या पावसात सापडे. कणसावर बुरशी येई, दाणा काळा पडे. काळ्या ज्वारीला मोंढ्यात भाव नव्हता, ती साठवणीत टिकत नव्हती आणि तिची भाकरी कडसर लागे. पोट भरण्याचा प्रश्न बराचसा सुटला. चांगल्या भाकरीचा प्रश्न मात्र वेगळाच राहिला.

१९७२ च्या दुष्काळात गावच्या कणग्या, बळदे, पेवे सारीच रिकामी झाली. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लाख माणसे खडी फोडत, माती वाहत होती. रेशनवर परदेशातून आलेली लाल दाण्याची ‘मिलो’ ज्वारी मिळे, कामावर सुकडी मिळे. मिलोची लालसर भाकरी त्या पिढीच्या जिभेवरून गेलेली नाही. तिच्याविषयी आजही नाक मुरडून बोलले जाते आणि तिने जगवले हेही त्याच वाक्यात सांगितले जाते. या दुष्काळातून रोजगार हमी योजना उभी राहिली. तिचा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. धान्याच्या पेवावर हक्क नसलेल्या माणसाला कामावर हक्क मिळाला, असे त्याचे वर्णन करता येईल.

पुढे रेशनच्या दुकानात गहू आणि तांदूळ आले आणि भाकरीच्या घरांत पोळी रोजची झाली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरची जड माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. हजारो मृत्युमुखी पडले. धान्य थंड व सुरक्षित ठेवणारी बांधणीच जीवघेणी ठरली. नवी गावे हलक्या, भूकंपरोधक घरांची वसली आणि ते योग्यच होते. त्या घरांत बळदाला जागा नव्हती.

त्याच दशकात लातूरच्या खरिपात सोयाबीन पसरू लागले. सोयाबीन घरात ठेवून खाण्याचे पीक नव्हे. ते काढले की मोंढ्यात जाते आणि ज्वारी तिथूनच विकत येते. ज्वारीचे क्षेत्र घटले, कडबा घटला, कापणी-मळणीला माणसे मिळेनात. एकेकाळी गरिबाचे धान्य असलेली ज्वारी अलीकडे बाजारात अनेकदा गव्हापेक्षा महाग असते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये आणि जालन्याच्या दगडी ज्वारीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. शहरातल्या हॉटेलांत ‘मिलेट’ म्हणून मिळणारी भाकरी तीच आहे.

पेवाचे तत्त्व मात्र दुसऱ्या रूपाने परत आले आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस कॅमेरूनमध्ये चवळी साठवण्यासाठी अमेरिकेच्या पर्ड्यू विद्यापीठातील संशोधकांनी हवाबंद पिशवी विकसित केली : आत प्लास्टिकचे दोन थर, बाहेर विणलेले पोते, तोंड घट्ट बांधलेले. प्राणवायू संपतो, किडे मरतात, औषध लागत नाही. अशा पिशव्या आता भारतातही मिळतात. अट जुनीच आहे, दाणा भरण्यापूर्वी खडखडीत वाळलेला हवा. क्विंटल-अर्ध्या क्विंटलची अशी पिशवी एका कुटुंबाची काही महिन्यांची ज्वारी सांभाळते आणि तिचे तोंड सोडायला दुसऱ्या कोणाला विचारावे लागत नाही.

जुन्या पेवांपैकी बरीचशी बुजली आहेत. नव्या घराचा पाया खणताना पांढरीतली जमीन कुठे एकाएकी खचते, आत रांजणाच्या आकाराची पोकळी निघते, आणि ती मुरूम टाकून भरली जाते.